पिचरचा हात चाचपणारा अंपायर

शिकागोत बेसबॉलचा सामना पाहताना क्रिकेटवर वाढलेल्या माणसाचे लक्ष एका दृश्याकडे हमखास जाते. इनिंग संपवून पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, बाहेर निघतो तेव्हा एखादा अंपायर त्याला वाटेत थांबवतो, त्याचा हात हातात घेऊन तळहात आणि बोटे चाचपतो, कधी टोपी आणि ग्लोव्हही पाहायला मागतो आणि मग जाऊ देतो. प्रेक्षक तोवर खाण्यापिण्याच्या मागे लागलेले असतात. सुरुवातीला मला हा प्रकार खेळाडूचा जाहीर अपमान वाटला होता, परंतु त्यामागचा इतिहास समजल्यावर माझे मत पूर्ण बदलले.

बोटांना चिकट पदार्थ लावला की चेंडूवरची पकड वाढते, चेंडू स्वतःभोवती अधिक वेगाने फिरतो आणि बॅटरला तो खेळणे अवघड होते. थुंकी लावून टाकलेल्या चेंडूवर १९२० सालीच बंदी आली. त्यावर उपजीविका असलेल्या १७ पिचरना तेव्हा सूट देण्यात आली आणि त्यांच्यातला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत खेळत राहिला. घामाने ओले हात कोरडे करण्यासाठी माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, ठेवलेली रोझिनची, म्हणजे राळेच्या पुडीची, पिशवी तेवढी आजही चालते. नियम असा जुना असला, तरी २०२१ पर्यंत तपासणी बहुतांशी प्रतिस्पर्धी मॅनेजरने, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने, तक्रार केली तरच होत असे आणि ज्याला आपल्याच पिचरच्या हातांची खात्री नाही, तो मॅनेजर दुसऱ्याकडे बोट दाखवायला सहसा धजत नसे. गेलॉर्ड पेरी याच्यावर वर्षानुवर्षे उघड संशय होता. १९६२ मध्ये पदार्पण केलेल्या या पिचरला चेंडूला काहीबाही लावल्याबद्दल अंपायरने पहिल्यांदा मैदानाबाहेर काढले ते १९८२ मध्ये, आणि १९९१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा सन्मानही मिळाला! जो नीक्रो नावाच्या पिचरचा किस्सा तर इथले लोक अजून हसत सांगतात. १९८७ मध्ये चेंडू खरवडत असल्याच्या संशयावरून अंपायरांनी त्याला खिसे रिकामे करायला सांगितले, त्याने मोठ्या निरागसपणे दोन्ही हात हवेत उडवले आणि नखे घासण्याची पट्टी सर्वांदेखत गवतावर जाऊन पडली.

२१ जून २०२१ पासून मेजर लीगने, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, तक्रारीची वाट पाहणे सोडून दिले. प्रत्येक पिचरची तपासणी सामन्यात ठरलेल्या वेळी होऊ लागली आणि त्यानंतर आठवड्याभरातच, शिकागोतल्याच मैदानावर, सिअ‍ॅटलचा हेक्टर सँटियागो या मोहिमेत बाहेर काढलेला पहिला पिचर ठरला. चिकट पदार्थ सापडला की त्या सामन्यातून हकालपट्टी आणि पुढे दहा सामन्यांची बंदी, हे ठरलेले आहे.

शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने पाहणाऱ्या कोल्हापूरकराला लाल कार्डाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण उरलेला सामना दहा जणांनिशी खेळण्याची शिक्षा तिथे लगेच डोळ्यांपुढे दिसते. बेसबॉलमध्ये मात्र हाकललेल्या पिचरच्या जागी त्याच क्षणी दुसरा येतो आणि खरी झळ पुढच्या सामन्यांत बसते, कारण बंदीच्या काळात संघाला त्याची जागा भरता येत नाही आणि २६ ऐवजी २५ खेळाडूंवर भागवावे लागते. सुरुवातीला उतरणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच चेंडू टाकतो. त्यामुळे १६२ सामन्यांच्या हंगामात दहा सामन्यांच्या बंदीने त्याच्या एकदोन पाळ्याच बुडतात, तेही पगार चालू असताना. मला ही शिक्षा सौम्य वाटते.

तपासणीचे साधन मात्र अंपायरची बोटे एवढेच आहे. रोझिन आणि घाम मिसळला की हात चिकटच लागतो, आणि तो किती चिकट म्हणजे गुन्हा, हे मोजणारे कोणतेही यंत्र मैदानावर नसते. एप्रिल २०२३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मॅक्स शर्झर या पिचरला आधी हात धुवायला लावले, नंतर ग्लोव्ह बदलायला लावला आणि तरीही हात चिकट लागल्याने बाहेर काढले. हा केवळ घाम आणि रोझिन आहे, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला, पण दहा सामन्यांची बंदी चुकली नाही. अशा निर्णयात चूक होऊ शकते, हे उघड आहे. तरीही एकट्यादुकट्याला संशयावरून अडवण्यापेक्षा सर्वांचे हात उघडपणे पाहणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण ज्याच्यापुढे अंपायर उभा राहतो त्याच्याकडे मग कोणी चोर म्हणून पाहत नाही.

सगळ्याच चुकांना अशी शिक्षा नसते. बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यावर, धावपटू असताना पिचरने चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करून मध्येच थांबवली, तर त्याला बॉक म्हणतात आणि प्रत्येक धावपटूला एक बेस पुढे जायला मिळते. २०२३ पासून वेळेचे घड्याळही लागू आहे आणि पिचरकडून उशीर झाला की बॅटरच्या खाती एक ‘बॉल’, म्हणजे पिचरचा वाया गेलेला चेंडू, जमा होतो. या दोन्हींत हेतूचा प्रश्न येत नाही, त्यामुळे अंपायरलाही फारसा विचार करावा लागत नाही.

चेंडू बॅटरच्या अंगावर आदळतो तेव्हा मात्र हेतूच ठरवावा लागतो. क्रिकेटमध्ये कमरेवरचा फुलटॉस धोकादायक वाटला तर नो-बॉलसोबत ताकीद मिळते आणि पुन्हा तसे झाले तर गोलंदाजी थांबवली जाते. इथे जाणूनबुजून मारल्याची खात्री पटली, तर अंपायर पहिल्याच चेंडूवर पिचरला, आणि वाटल्यास त्याच्या मॅनेजरलाही, बाहेर काढू शकतो. खात्री नसेल तर तो दोन्ही संघांना ताकीद देतो आणि ज्या संघाने काहीच केले नाही त्याचा मॅनेजर हमखास तणतणत मैदानात येतो. त्याचा राग अगदीच निराधार नसतो, कारण आपल्या बॅटरने मार खाल्लेला असताना त्याच्या पिचरलाही तीच तंबी मिळालेली असते. पण हिशेब चुकता करण्याची संधी शोधणारा तोच असतो, हे अंपायरला चांगले ठाऊक असते.