काल्याच्या कीर्तनाची डीव्हीडी : माझा अनुभव

सप्ताहाचं शूटिंग मोबाइलवर पाठवून देतो म्हटलं, तर आमच्या गावातल्या निम्म्या जाणत्या मंडळींकडं तसला मोबाइलच नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांना रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं. अंबाजोगाईपासून आत, बालाघाटाच्या कडेला आमचं गाव. मंदिराच्या सभामंडपात एक जुना डबा टीव्ही आहे, त्याच्याखाली डीव्हीडी प्लेअर, आणि तो लावायला सगळ्यांना येतो. प्लेअरला यूएसबीची जागा आहे, पण ती केव्हाच ढिली झाली आहे. त्यामुळं काल्याच्या कीर्तनाची डीव्हीडी करून द्यायचं काम घरात कॉम्प्युटरवाला म्हणून माझ्याकडं आलं.

माल तीन ठिकाणचा होता. तालुक्याच्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यातल्या मोठ्या फायली, पुतण्यानं मृदंगाच्या बाजूनं मोबाइलवर घेतलेलं शूटिंग, आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरवर घेतलेला आवाज. हा आवाज नसता तर कीर्तन ऐकवलंच नसतं. कॅमेऱ्याच्या माइकवर महाराजांपेक्षा जनरेटर जास्त येतो.

फायली नुसत्या डिस्कवर कॉपी करून चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तशी डिस्क घातली की प्लेअर गरगर फिरवून बघतो आणि ‘रॉंग डिस्क’ म्हणून बाहेर काढतो. डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा १९९६ साली जपानात बाजारात आले आणि त्यांचे नियम तेव्हाच ठरले. चित्र एमपेग-२ या दाबून साठवायच्या पद्धतीत पाहिजे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे २५ स्थिर चित्रांचं. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. आणि हे सगळं व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरात, ठरलेल्या नावाच्या व्हीओबी आणि आयएफओ फायलींमध्ये. आजचा मोबाइल जे एच-२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या पद्धतीचं चित्र काढतो, ते त्या प्लेअरच्या गावीही नाही. काही प्लेअर एव्हीआय फायलीतलं डिव्हएक्स पद्धतीचं चित्र चालवतात, पण त्या भरवशावर दहा घरी वाटायची डिस्क करता येत नाही.

माझी पद्धत अशी की कुठल्याही फायलीला हात लावण्याआधी ती मीडियाइन्फोत उघडायची. फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम आहे. फायलीत चित्र कसलं, फ्रेम किती, आवाज कसला, सगळं मांडून दाखवतो. पुढचे सगळे घोळ तिथंच दिसत होते. मोबाइलच्या फायलीत फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’ होता, सरासरी २९.८७. कॅमेऱ्याची फाइल १९२० बाय १०८०, इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट, म्हणजे काय ते पुढं येईलच. रेकॉर्डरचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टाळानं. पाच-दहा मिनिटांची नमुना डिस्क करून मंदिरात लावली. सुरुवात चांगली झाली, पण मोबाइलवरचं शूटिंग पुढं सरकलं तसे टाळ आधी आपटलेले दिसायला लागले आणि आवाज मागून यायला लागला. भाषणात हे इतकं कळत नाही, ओठ थोडे मागेपुढे झाले तरी माणूस सांभाळून घेतो. पण तीस टाळकरी एका ठेक्यात टाळ आपटतात तेव्हा पाव सेकंदाची चूकही लपत नाही. आणि बघणारे कोण, तर स्वतः टाळ वाजवणारेच. विणेकरी तात्या लगेच म्हणाले, “बापू, हे टाळ येगळेच वाजायलेत बघ. हात खाली आल्यावर आवाज येतोय.”

कारण त्या ‘व्हेरिएबल’मध्ये होतं. मोबाइल सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी पडला की तो फ्रेम कमी करतो, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ फायलीत वेगळी लिहून ठेवतो. एडिटिंगचा प्रोग्राम त्या वेळा न वाचता सरळ ३० धरून चालला, तर दहा मिनिटांचं चित्र साधारण अडीच सेकंद लवकर संपतं. आवाज मात्र आपल्या गतीनं पूर्ण दहा मिनिटं वाजतो. म्हणून सुरुवातीला जुळलेलं पुढं पुढं फाटत जातं. असं वाढत जाणारं अंतर दिसलं की फ्रेम रेटवर शंका घ्यावी. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच अंतर असेल, तर आवाज नुसता मागेपुढे सरकवून भागतं.

उपाय म्हणजे एडिटिंगच्या आधीच मोबाइलची फाइल एफएफएमपेग नावाच्या, कमांडवर चालणाऱ्या प्रोग्राममधून काढून ठाम २५ फ्रेमची करून घेणं. तो प्रत्येक फ्रेमची खरी वेळ बघून चित्र बसवतो, जिथं फ्रेम जास्त तिथं गाळतो, कमी तिथं आधीची परत लावतो. कमांड लिहायची सवय नसेल तर हॅंडब्रेक नावाच्या प्रोग्राममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडूनही हेच होतं. ३० वरून २५ वर येताना दर सहातली एक फ्रेम जाते, म्हणून कॅमेरा आडवा फिरतो तिथं बारीक झटका दिसतो. कीर्तनात कॅमेरा फारसा फिरत नाही, त्यामुळं मी तो सोडून दिला. पुतण्याला मात्र सांगून ठेवलंय की मोबाइलच्या सेटिंगमध्ये २५ चा पर्याय असेल तर आपल्याकडं तोच लावायचा.

टाळ जुळले तर मृदंगाचं निघालं. कॅमेऱ्यावरच्या चित्रात मृदंगवाल्याचा हात थापेला जाताना दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं असा थरथरत होता. महाराज शांत उभे असले की काही नाही, नाचायला लागले की तेच. गंमत म्हणजे लॅपटॉपवर हे काहीच दिसत नव्हतं, म्हणून काही वेळ मी टीव्हीलाच नावं ठेवली.

इंटरलेस्ड चित्रात एक फ्रेम म्हणजे दोन अर्ध्या फ्रेम, म्हणजेच फील्ड, असतात, एकीत सम रेषा, दुसरीत विषम. त्या एकापाठोपाठ घेतलेल्या असतात, सेकंदाला ५०. डबा टीव्ही त्या तशाच एकामागून एक दाखवतो. लॅपटॉप दोन्ही एकत्र करून दाखवतो, म्हणून तिथं चूक झाकली जाते. आमच्या कॅमेऱ्याची फाइल वरचं फील्ड आधीची होती. एडिटरमधला तयार ‘डीव्ही पाल’ प्रीसेट खालचं फील्ड आधी धरतो, कारण जुन्या डीव्ही कॅसेटींचा तसा रिवाज होता. क्रम उलटा झाला की नंतरची हालचाल आधी आणि आधीची नंतर दिसते, हात मागं येतो तो यामुळं.

दुसरी भानगड आकार लहान करण्यात होती. १०८० रेषांचं इंटरलेस्ड चित्र तसंच दाबून ५७६ वर आणलं की सम-विषम रेषा एकमेकींत मिसळतात, आणि हलत्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारखे पट्टे येतात. त्यासाठी आधी डीइंटरलेस करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या, त्या ७२० बाय ५७६ च्या केल्या, आणि मग वरचं फील्ड आधी ठेवून परत इंटरलेस केल्या. लॅपटॉपला रात्रभर काम लागलं. पण नंतर मंदिरातल्या टीव्हीवर ती थाप जी दिसली, ती समोर बसून बघितल्यासारखी. नुसतं २५ पूर्ण फ्रेमवर आणलं असतं तरी चाललं असतं, कष्टही कमी. मृदंगासाठी मला ते पटलं नाही.

मध्येच एका नमुना डिस्कवर महाराज एकदम उंच आणि सडपातळ दिसायला लागले. तात्या म्हणाले, “महाराज उपास करायलेत का काय?” हे डिस्कचं नव्हतंच. प्लेअरच्या सेटअपमध्ये कोणीतरी टीव्ही टाइप १६:९ करून ठेवला होता. तो ‘४:३ लेटरबॉक्स’ केला, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि महाराज मूळ अंगावर आले.

रेकॉर्डरचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणला, १९२ केबीपीएसचा एसी-३, म्हणजे डीव्हीडीला चालणाऱ्या पद्धतीचा, केला. त्यात काही अडलं नाही.

मग आल्या लाह्या. काल्याच्या कीर्तनात शेवटी गौळणी होतात, दहीहंडी फुटते, आणि लाह्या उधळल्या जातात. त्या क्षणी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. एमपेग-२ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. बहुतेक फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच लिहितो. दीड तास महाराज एका जागी उभे असतात तेव्हा बदल थोडा. हजार लाह्या हवेत उडाल्या की सगळंच बदलतं, आणि ठरलेला डेटा पुरत नाही.

इथं हिशेब करावाच लागतो. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी बसतात. कॉम्प्युटर ते ४.३८ दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मोजायची पद्धत वेगळी. आमचं कीर्तन आरतीसकट २ तास १० मिनिटांचं. म्हणजे सेकंदाला सगळं मिळून साधारण ४.८ मेगाबिट. त्यातून आवाज आणि डिस्कच्या मांडणीचा वरचा खर्च वजा केला की चित्राला सरासरी ४.४ उरतात. नियमानं चित्राला ९.८ पर्यंत जाता येतं, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथं अडखळतात, म्हणून मी कमाल ८ ठेवली. मग टू-पास लावलं. पहिल्या फेरीत प्रोग्राम नुसतं बघून घेतो की कुठं किती लागणार, दुसऱ्या फेरीत निरूपणातून वाचवून लाह्यांना देतो. मंडपातल्या कमी उजेडामुळं चित्रात मुंग्यांसारखे जे बारीक ठिपके वळवळत होते ते थोडे पुसून घेतले, कारण तेही डेटा खातात. चौकोन पूर्ण गेले नाहीत, पण आता कोणी बोट दाखवत नाही. ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क घ्या असं एकानं सुचवलं होतं. ती महाग, आणि जुन्या प्लेअरला वाचता येईल याचा नेम नाही.

डिस्कची मांडणी डीव्हीडीस्टायलर नावाच्या प्रोग्राममध्ये केली. मेनू ठेवलाच नाही, डिस्क घातली की कीर्तन सुरू. नमनाचा अभंग, निरूपण, गौळणी, आरती अशा ठिकाणी चॅप्टर टाकले, म्हणजे पुढचं बटण दाबून सरळ गौळणींवर जाता येतं. बहुतेकांना तेच हवं असतं.

बर्निंगला डीव्हीडी-आर वापरल्या. पुन्हा पुसता येणारी डिस्क नमुन्यासाठी स्वस्त पडली असती, पण ती प्रकाश कमी परत पाठवते आणि मंदिरातला प्लेअर तिला ‘नो डिस्क’ म्हणतो. वेग ४एक्स, शेवटी फायनलाइझ, म्हणजे डिस्क पक्की बंद करणं, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली. आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट भाजलेली डिस्क सरळ कचऱ्यात. वर कागदी लेबल चिकटवत नाही, त्यानं तोल जाऊन डिस्क फडफडते. मार्करनं वर्ष आणि महाराजांचं नाव लिहितो, बस.

तयार डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, हार्ड डिस्कवर ठेवली आहे. पत्र्याच्या घरात, मे महिन्याच्या उन्हात टीव्हीवर पडून राहिलेली डिस्क किती टिकणार? कोणाची खराब झाली की तीच परत बर्न करून देतो. तात्यांनी आत्तापर्यंत दोन नेल्यात, एक स्वतःला आणि एक परळीला दिलेल्या लेकीला.