दूरदर्शनचं ते फिरणारं चिन्ह

दूरदर्शनच्या बोधचिन्हाची सर मला दुसऱ्या कुठल्याच वाहिनीच्या चिन्हाला दिसत नाही. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकणाऱ्या देवाशीष भट्टाचार्य यांनी ते काढलं: मधे गोळा, भोवती दोन वळणदार रेषा. ते हललं कसं, हे तर भारीच! आर. एल. मिस्त्री यांनी रेखाटनं कॅमेऱ्याखाली फिरवत फिरवत टिपली. संगणक नाही की काही नाही. वर पंडित रविशंकरांची ती संथ, जराशी उदास धून. ती वाजली की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "लागला का गं टीव्ही?"

२०२४ मध्ये डीडी न्यूजचं लाल चिन्ह भगवं झालं, वादही झाला. असो. आता प्रक्षेपण चोवीस तास चालतं, त्यामुळे चिन्ह कोपऱ्यात नुसतं बसून असतं. सुरुवातच नाही, तर धून वाजवणार कधी?