लेण्यातला अंधार

नाशिकच्या पांडवलेण्यांत उन्हातून आत शिरलेला माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो, "आत काहीच नाहीये!" आणि लगेच मोबाइलची बॅटरी लावतो. तिथेच घोळ होतो.

त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढताना ऊन डोळ्यांवर आलेलं असतं. बुबुळाने मधली बाहुली आवळून दोनेक मिलिमीटरवर आणलेली असते. तिसऱ्या लेण्याच्या दालनात पाऊल टाकलं की ती रुंदावते, काही सेकंदांत. पण बाहुली म्हणजे नुसतं भोक. वेळ खातं ते मागचं दृष्टिपटल. तिथे रंग ओळखणाऱ्या शंकूसारख्या पेशी साठेक लाख, आणि अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या दंडाकार पेशी १२ कोटींच्या आसपास. या दंडाकार पेशींतलं रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उन्हाने विरलेलं असतं. ते पुरतं साठायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. (गाजर खा म्हणणारी आजी इथे जिंकते, हे द्रव्य बनायला 'अ' जीवनसत्त्व लागतं.)

अर्धा तास कोण थांबणार? खाली मिसळ वाट बघत असते. पण दम लागल्याचं सोंग करून पाच मिनिटं तरी बसावं. मागच्या भिंतीत कोरलेला स्तूप आधी नुसता फुगवटा वाटतो, मग त्याला कडा फुटतात, मग त्याच्या शेजारी कोरलेल्या स्त्रिया दिसतात. तेवढ्यात कोणीतरी बॅटरी डोळ्यांवर मारतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून! कोपऱ्यातल्या खोलीत तर रोखून बघूच नये, किंचित बाजूला बघावं. नजरेच्या ऐन मध्यावर दंडाकार पेशी नसतातच.

वय झालं की बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंगही पिवळटतं. म्हणून म्हातारी माणसं दारातच चौकट धरून थांबतात आणि मागून नातवंडं ढकलत असतात, "चला ना आजोबा!"

घाई असणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. दोन्ही डोळे अंधाराला आपापले सरावतात. तेव्हा बाहेर व्हरांड्यात, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा सातकर्णीचं कौतुक कोरून घेतलंय तो शिलालेख एकाच डोळ्याने बघावा, दुसरा तळहाताने घट्ट झाकून. आत गेल्यावर झाकलेला डोळा उघडायचा. युक्ती चालते. फक्त एखाद्या मावशी पदराचा बोळा करून पुढे येतात, "काही गेलं का हो डोळ्यात? थांबा, फुंकर घालून शेक देते."