'प्रेरणा' या रकान्यात अडकलेले आठ महिने

"निसर्ग हीच माझी प्रेरणा." हे वाक्य मी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाठवलं आणि तिन्ही वेळा कलादालनात एकल प्रदर्शन मिळावं म्हणून केलेला अर्ज परत आला. आता सगळं पार पडलंय, तरी तो रकाना आठवला की चीड येते. दुसऱ्या कुणाचे महिने असे वाया जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

बावीस वर्षं चित्रकलेवर पोट भरते आहे, त्यातली शेवटची पंधरा मुख्यतः निसर्गचित्रांवर. समूह प्रदर्शनं झाली, मागणीप्रमाणे व्यक्तिचित्रं केली, शिकवण्या घेतल्या. एकल प्रदर्शन मात्र राहिलं होतं. ते एका ठरावीक कलादालनातच व्हावं असं मनात होतं, कारण तिथे छतातून दिवसाचा उजेड येतो. उघड्यावर बसून केलेलं चित्र पिवळ्या दिव्याखाली लावलं की त्यातले निळे-जांभळे मरतात, हे मी समूह प्रदर्शनांत पुरेसं सोसलं होतं.

चित्रांची यादी, मापं, माध्यम, साल, दहा फोटो हे सगळं चार दिवसांत झालं, कारण प्रत्येक चित्राची नोंद मी पहिल्यापासून एका वहीत ठेवते. अडलं ते शेवटच्या पानावर. 'कामामागील प्रेरणा, कमाल १५० शब्द.'

पहिल्यांदा मी खरंच मनापासून लिहिलं होतं. लहानपणापासून झाडांची ओढ, निसर्गाची भव्यता, ऋतूंचे रंग. नऊ आठवड्यांनी अर्ज परत आला. वर एकच ओळ: 'प्रेरणा स्पष्ट करावी.'

मला वाटलं, थोडक्यात लिहिलं म्हणून असेल. दुसऱ्यांदा १५० पैकी १४८ शब्द भरले, भाषा सजवली. दहा आठवड्यांनी तीच ओळ, तेच अक्षर. फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "समितीने पाहिलंय, समितीचा शेरा आहे तो." मी विचारलं, नेमकं काय स्पष्ट करायचं? "ते समिती सांगत नाही, मॅडम. तुम्ही दुरुस्त करून पाठवा." दुरुस्त काय करायचं हे न सांगता दुरुस्त करा म्हणायचं! समितीवर बसलेल्यांपैकी कुणी वाचत असेल तर कळकळीची विनंती आहे, आणखी दोन ओळी लिहा. तुमची पाच मिनिटं जातील, समोरच्याचा हंगाम वाचेल. मी त्या काळात दोन समूह प्रदर्शनांना नकार दिला होता, तारखा एकमेकींवर येतील या भीतीने.

तिसऱ्यांदा मी मोठ्यांचा आधार घेतला. फ्रेंच चित्रकार मोने शेतातल्या त्याच त्या गंजींची चित्रं वेगवेगळ्या उजेडात करायचा, १८९० आणि ९१ मध्ये त्याने ती मालिकाच केली, मीही त्याच वाटेने जाते, असं काहीसं लिहिलं. सहा आठवड्यांत परत. या वेळी मी फोनही केला नाही. पंधरा वर्षं पहाटे उठून, सामान पाठीवर घेऊन, डासांत आणि उन्हात बसून जे केलं त्याला प्रेरणा नाही असं कुणी म्हणतंय, असंच मला वाटलं. चार दिवस ब्रश हातात धरवला नाही.

फोटोंबद्दल सांगून टाकते, नाहीतर विसरेन. तैलरंगाचा फोटो काढताना फ्लॅश अजिबात नको, गडद भाग चकाकतात आणि टोन हरवतात. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर सारखे दिवे, कॅमेऱ्याची भिंग चित्राच्या बरोबर मध्यासमोर आणि कॅमेरा चित्राला समांतर. दिवे नसतील तर ढगाळ दिवशी सावलीत काढा. माझे फोटो एकदाही परत आले नाहीत.

तर, पाचव्या दिवशी एका चित्राची तारीख पडताळायला जुनी स्केचबुकं काढली. लँडस्केपला जाताना पानामागे वेळ, वारा आणि जे दिसलं ते दोन शब्दांत लिहायची मला सवय आहे. ही सवय मी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराकडून उचलली. १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला त्याने ढगांची तैलरंगातली अभ्यासचित्रं केली, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. माझ्या एका पानामागे होतं: 'स. ६.४०. वारा नाही. फांदीची खालची बाजू पाण्यात. वरून दिसत नाही.'

ती सकाळ लगेच आठवली. तळ्याच्या काठावरचं एक झाड, त्याची एक जाड फांदी माझ्या कमरेएवढ्या उंचीवर पाण्यावर आडवी झुकलेली. वरून बघताना साल काळपट, ओलसर. खाली पाण्यात मात्र त्याच फांदीचं प्रतिबिंब फिकट, पिवळट पट्ट्यासारखं. मला वाटलं नजर चुकतेय. गुडघ्यावर बसून मान वाकडी करून फांदीखालून पाहिलं तर खालच्या अंगाची साल सोलून गेलेली होती आणि आतलं लाकूड उघडं पडलं होतं. काठावर उभं असताना ते मला दिसणं शक्यच नव्हतं, पण पाण्याला दिसत होतं. पाण्यातलं चित्र म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हे. पृष्ठभागाखालून वर पाहिलं तर जे दिसेल ते पाणी दाखवतं. तोवर मी कितीतरी वर्षं प्रतिबिंब म्हणजे वरचंच चित्र उलटं करून, जरा गडद करून रंगवत आले होते. विकलंही होतं.

त्या दिवशी तो पट्टा पिवळी माती, पांढरा आणि चिमूटभर अल्ट्रामरीन निळा घालून लावला. लाकडापेक्षा एक पायरी गडद, कारण पाण्यात उजळ गोष्टी थोड्या दबतात आणि गडद गोष्टी थोड्या उजळतात. पायाजवळ, जिथे नजर सरळ खाली जाते तिथे प्रतिबिंब जवळजवळ नाहीच, तळाचा चिखल दिसतो. नजर जसजशी दूर, तिरपी जाते तसं पाणी आरसा होत जातं. हे सगळं एका तासात पाहिलं आणि उतरवलं. त्यापेक्षा जास्त वेळ मिळतही नाही. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, दोन तासांत सावल्या दुसऱ्याच जागी गेलेल्या असतात. मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जाते, तिथेच बसून ओढाताण करत नाही.

चौथा अर्ज त्या पानावरून लिहिला. झाड, फांदी, सहा चाळीसची वेळ, न दिसणारी बाजू पाण्यात दिसणं, आणि त्यानंतर सहा वर्षं मी पाण्याच्या काठावर काय शोधतेय, एवढंच. 'निसर्ग' हा शब्द एकदाही आला नाही, आणि तो मुद्दाम टाळला नव्हता. एकशे बारा शब्दांत संपलं.

म्हणून त्या रकान्यापाशी अडलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. आपल्याला काय आवडतं ते तिथे लिहू नका, आपण काय पाहिलं ते लिहा. एक जागा, एक वेळ, आणि त्यामुळे हाताच्या कामात काय बदललं. ते सुचत नसेल तर लिहायला न बसता जुनी स्केचबुकं चाळा, तिथे लिहिलेलं असतं. आणि मोठ्या चित्रकारांची नावं घालू नका. समितीला ती माहीत आहेत.

यादी करताना आणखी एक लक्षात आलं. माझ्या एका जुन्या जलरंगातल्या संध्याकाळची गुलाबी झाक उडून चाललीय. तेव्हा मी जुन्या प्रकारचा अ‍ॅलिझरिन क्रिम्सन हा गडद लाल वापरायचे, तो उजेडात टिकत नाही. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, 'पीआर ८३' (PR 83) दिसला तर विकायच्या चित्रात, विशेषतः पातळ वॉशमध्ये (भरपूर पाणी घालून दिलेल्या थरात), तो वापरू नका. क्विनाक्रिडोन या रंगद्रव्यातले लाल त्याच्या जवळ जातात आणि टिकतात. पानांसाठी ट्यूबमधला तयार हिरवा तसाच लावण्याबद्दलही माझं मत कडक आहे. अल्ट्रामरीन आणि गडद पिवळा मिसळून येणारा मळकट हिरवाच झाडाच्या अंगाला शोभतो, कारण दोन्ही रंगांत थोडी लाली असते आणि ती हिरव्याला आवरते. विद्यार्थ्यांना हे मी पहिल्याच आठवड्यात करायला लावते.

चौथ्या अर्जाचं उत्तर सात आठवड्यांनी आलं. मान्य. मी पत्र दोनदा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. कारण तेव्हाही दिलेलं नव्हतं. तरी मला रडू आलं, आणि ते आनंदाचंच होतं.

तारीख मिळाली ती मात्र दहा आठवड्यांवरची, आणि इथे माझी तयारी कमी पडली. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरून हाताला कोरडं लागलं तरी जाड थराच्या चित्राला शेवटचं व्हर्निश, म्हणजे वरचा संरक्षक थर, द्यायला सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. त्यामुळे अर्ज देतानाच मागे मोजून ठेवा, शेवटची मोठी चित्रं कधी संपली पाहिजेत ते. अठ्ठावीस चित्रांपैकी दोन तेवढी जुनी झालेली नव्हती. त्यातलं एक तळ्याचं होतं, त्या जुन्या स्केचवरून प्रदर्शनाच्या आधीच्या काही महिन्यांतच मोठ्या कॅनव्हासवर केलेलं. ते व्हर्निशशिवायच, छतातल्या उजेडाखाली लागलं.