तुम्ही विचारलंत म्हणून : एका जहाजावर मरीन किती?

ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथे विज्ञानकथेत फौज आणली की झडती होणारच. साताऱ्यातल्या निवृत्त सुभेदारसाहेबांचा सवाल ठरलेला : "सेक्शन, म्हणजे फौजेतली सगळ्यात छोटी तुकडी, १० जणांचं असतं, तुमच्या अंतराळातल्या मरीनचं ७ चं कसं?" लिहिणारी पोरं वेगळंच विचारतात : "सर, जहाजावर मरीन किती ठेवू?" मरीन म्हणजे जहाजातून जाऊन जमिनीवर उतरून लढणारे सैनिक.

आकडा नंतर. आधी उतरायचं यान ठरवा. समजा, त्यात पोशाख-हत्यारांसकट २४ जण मावतात. प्लाटून कमांडर, रेडिओवाला आणि नर्सिंग असिस्टंट वजा केले की उरले २१, म्हणजे ७ ची तीन सेक्शनं. १० ची केलीत तर तिसरं सेक्शन दोन यानांत फुटतं आणि खाली उतरल्यावर निम्मे जवान आपला हवालदार शोधत फिरतात. सुभेदारसाहेब, एवढंच कारण आहे. तुमच्या सेक्शनला कमी लेखलेलं नाही.

यान खाली पोचलंच नाही तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धातली तारावाची लढाई त्यासाठीच वाचायची. २० नोव्हेंबर १९४३, प्रशांत महासागरातलं बेटिओ नावाचं चिमुकलं बेट. अमेरिकन मरीनांकडे प्रवाळाच्या कड्यावरून चढून जाणारी, पट्ट्यांवर चालणारी एलव्हीटी वाहनं सव्वाशेच्या आसपास. त्यांतून पहिल्या तीन लाटा किनाऱ्याला लागल्या. मागचे सगळे हिगिन्स होड्यांत, म्हणजे सैनिक किनाऱ्यावर उतरवायच्या साध्या होड्यांत, आणि त्या होडीला साधारण ४ फूट पाणी लागायचं. भरती पुरेशी आली नाही, कड्यावर पाणी ३ फुटांच्या आसपासच राहिलं. होड्या तिथेच अडल्या. जवान पाण्यात उतरले आणि मशीनगनच्या माऱ्यात शेकडो यार्ड चालत निघाले. एलव्हीटींनी परत येऊन त्यांना न्यायचं, तर त्यातल्या कितीतरी तोवर निकामी झालेल्या. रेडिओ भिजून बंद पडले, त्यामुळे किनाऱ्यावरच्या फौजेचा प्रमुख कर्नल शूप याला आपल्या बटालियन कुठे आणि कशा आहेत याचा पत्ता लागेना. भरती दगा देईल असं बजावणारा माणूसही होता. ७६ तासांत बेट घेतलं, हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. कागदावरची रचना चोख होती हो, तिला काही झालं नव्हतं.

तुमच्या ग्रहाला प्रवाळ नसेल, पण वातावरण असेल. ते उतरताना ब्रेकचं काम करतं, वर जाताना आडवं येतं. पृथ्वीएवढ्या ग्रहाच्या खालच्या कक्षेत परतायला सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेग लागतो. म्हणजे यान दुसरी फेरी मारेलच असं धरू नका. कंपनी, म्हणजे काही प्लाटून मिळून झालेली तुकडी, पाच यानांत घाला : कमांडर दुसऱ्यात, त्याचा दुय्यम चौथ्यात, रेडिओचे पूर्ण संच दोघांकडेही. त्यांच्यापायी प्लाटूनचे दोन जवान मागे सरकले तरी चालतील. पाचव्यात दारूगोळा, पाणी, स्ट्रेचर. जे आधी लागणार ते शेवटी चढवा, नाहीतर लढाई चालू आणि मॉर्टर तंबूंच्या ढिगाखाली.

आता पोरांचा आकडा. माणसाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. १०० जण, ३० दिवस : अडीच टन. शिवाय वजनरहित अवस्थेत हाडं-स्नायू झिजतात, अंतराळस्थानकावर रोज दोनेक तास व्यायाम करवतात तो त्यासाठीच. १०० जणांचे रोजचे २०० तास झाले. एक यंत्र दिवसाला २० तास चाललं तरी दहा यंत्रं हवीत. तेवढी जागा जहाजात नसेल तर १०० मरीनही नाहीत. "यात थरार कुठाय?" असं म्हणणाऱ्यांनी दोन महिने तरंगलेल्या माणसाला ४० किलोच्या ओझ्यासकट उतरवून बघावं.

शत्रूच्या जहाजावर चढाई हे वेगळं काम, त्याला कंपनी लागत नाही. सातारच्या गादीचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, तोफा डागायच्या आणि वल्ह्यांची गलबतं माणसं घेऊन भिडायची. अंतराळजहाजाच्या अरुंद बोळांत चार-चारच्या टोळ्या पुरतात.

यानं कोणी चालवायची, यावर मात्र माझं माझ्याशीच जमत नाही. जुन्या कथांत मी मरीनच चालक ठेवले. तारावात एलव्हीटी मरीनच चालवत होते आणि गोळीबारात पुन्हा पुन्हा कड्याकडे गेले, हा माझा आवडता पुरावा. पण हिगिन्स होड्यांवरचे नौसैनिक काही भित्रे नव्हते, त्यांच्या होडीखाली पाणी नव्हतं. शिवाय लढाई नसते तेव्हा जहाजाच्या कॅप्टनला तीच यानं माल आणायला हवी असतात, आणि त्याने मरीनांच्या मेजरकडे रोज परवानगी मागत बसायचं का? नव्या कथेत मी चालक नौदलाचे केलेत. मेजर अजून कुरकुरतोय, आणि त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.