लिस्बनचा लाल पूल आणि समोरून येणारं आपलं माणूस

जोडीने हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, धावायला परदेशी जायचं ठरलं की आम्ही आधी शर्यतीचा नकाशा उघडतो. शहर, हवा, तिकिटं हे सगळं नंतर. माझा आणि नवऱ्याचा वेग वेगळा आहे. सराव एकत्र होतो, पण शर्यतीत तो माझ्या बराच मागे असतो. एकाने पाय आवरत आणि दुसऱ्याने धापा टाकत सोबत राहायचं, हे दोघांनाही पटत नाही. वर्षभराची मेहनत प्रत्येकाने स्वतःच्या पेसने वसूल करावी. पण मग मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरळ जाणारा असेल, तर सुरुवातीला हात हलवायचा आणि भेट थेट शेवटी. मार्गात यू-टर्न असतील तर मात्र रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने आपलं माणूस समोरून येताना दिसतं. लिस्बनच्या मार्गाला असे वळसे आहेत, आणि सुरुवात टेगस नदीवरच्या झुलत्या पुलावरून. त्यापुढे फार चर्चा झाली नाही.

युरोपच्या शेंगेन व्हिसाची कागदपत्रं आता सगळ्यांच्या ओळखीची आहेत: ३० हजार युरोचा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग. आम्ही त्यात शर्यतीच्या नोंदणीची पावती जोडली. का चाललोय हे एका कागदात स्पष्ट होतं, म्हणून ती जोडावी असं माझं मत आहे.

मार्चमध्ये पोर्तुगालचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. पहाटे साडेतीनलाच टक्क जाग. आपल्याकडे शर्यती उजाडायच्या आत सुरू होतात, इथे मात्र धावायला सुटायचं ते सकाळी दहाच्या पुढे, म्हणजे शरीराच्या हिशोबाने भर दुपारी. त्यामुळे खायचं कधी आणि किती, याची तालीम आम्ही आदल्या दोन सकाळी करून पाहिली. उठल्यावर केळं, सातला पाव आणि जॅम, मग फक्त पाणी. शर्यतीच्या दिवशी पोट अगदी शांत राहिलं.

लिस्बन टेकड्यांवर वसलेलं शहर आहे. गुळगुळीत पांढऱ्या दगडांच्या फरसबंदीचे चढ-उतार पायांची परीक्षा घेतात. नवऱ्याला सेंट जॉर्जचा किल्ला आदल्या दिवशीच चढायचा होता, मला पाय ताजे ठेवायचे होते. शेवटी उंचावरचं सगळं शर्यतीनंतर आणि नदीकाठचं आधी, असं ठरलं. म्हणून आम्ही आल्कान्तारा भागात पुलाच्या खालीच भटकलो. जुन्या कारखान्याच्या इमारतींमध्ये तिथे आता पुस्तकांची दुकानं आणि कॅफे आहेत. डोक्यावर, खूप उंचावर, तो लाल पूल. त्याच्या मधल्या मार्गिकांना डांबराऐवजी पोलादी जाळी आहे. गाड्या तिच्यावरून गेल्या की भुंग्यांचं मोहोळ उठल्यासारखा घूं घूं आवाज खाली येतो आणि दिवसभर थांबत नाही. कॉफी पिताना आम्ही सारखे वर बघत होतो.

हा पूल १९६६ साली खुला झाला, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी ती राजवट उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुलाचं नाव त्या तारखेवरून ठेवलं गेलं. लांबी सव्वादोन किलोमीटरहून थोडी जास्त, रस्ता पाण्यापासून सुमारे ७० मीटर उंच. एरवी त्यावर पायी जाता येत नाही. हजारो लोक नोंदणी करतात त्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा असणार. आमच्या आजूबाजूला छोट्या अंतराच्या धावेसाठी आलेली कुटुंबंच्या कुटुंबं होती, आज्या होत्या, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं होती.

सुरुवात नदीच्या दक्षिण तीरावर, टोलनाक्याजवळ. तिथे पोचायला शहरातून लोकल पकडून प्रगाल स्टेशनला उतरायचं. ही लोकल त्याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते. रूळ तिथे १९९९ मध्ये आले. डब्यात उभं राहायलाही जेमतेम जागा होती. खिडकीबाहेर पोलादी तुळया भराभर मागे सरकत होत्या, त्यांच्यामधून पाणी चमकत होतं. आमचा रस्ता आमच्या डोक्यावर होता. नवऱ्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, "परत येताना वरून."

नाक्याजवळ बराच वेळ थांबावं लागतं आणि नदीवरचा वारा बोचतो. अंगावर जुना स्वेटर ठेवावा, निघताना काढून टाकता येतो. येशूचा हात पसरलेला उंच पुतळा, क्रिस्तो रेई, तिथून जवळच दिसतो. सुटण्याआधी आम्ही दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येकाने दुभाजकाच्या कडेने धावायचं, आणि त्याने केशरी टोपी काढायची नाही.

पुलावर पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे, की तो आवाज थांबलाय. गाड्या बंद, त्यामुळे घूं घूं नाही. त्याच्या जागी फक्त बुटांची थाप. डावीकडे समुद्राला भेटायला निघालेली नदी, समोर टेकड्यांवर चढलेली पांढरी-पिवळी घरं. मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. पुढे रस्ता उतरत आल्कान्ताराला येतो, तिथे सगळे सुसाट सुटतात. मांड्या सांभाळायच्या असतील तर इथेच हात आखडता घ्यावा.

अव्वल धावपटू पुलावरून येत नाहीत, ते खालीच नदीकाठी सुटतात. विक्रम ग्राह्य धरायचा तर सुरुवात आणि शेवट यांच्यातला उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि पुलाची उंची त्यात बसत नाही. त्या सपाट मार्गावर २०१० मध्ये झेरसेनाय तादेसेने ५८ मिनिटे २३ सेकंदांचा आणि २०२१ मध्ये जेकब किप्लिमोने ५७ मिनिटे ३१ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. मी तिथून जात होते तेव्हा हे आकडे आठवून अंगावर काटा आला.

पहिल्या वळशानंतर मी दुभाजकाला चिकटून केशरी टोपी शोधत राहिले. शेकडो चेहरे समोरून येत होते आणि मी प्रत्येकाकडे बघत होते. मग तो दिसला. खांदे सैल, चेहरा हसरा, दोन्ही हात वर. तळहातावर टाळी देऊन आम्ही पुढे गेलो. दोन सेकंदांची भेट, पण तिच्यावर मी पुढचे दोन किलोमीटर कसे काढले ते कळलं नाही.

दुसरी भेट नदीकाठच्या बेलें भागाच्या पुढे, पश्चिमेकडच्या टप्प्यात. मी वळून परत निघाले होते, त्याचं जाणं बाकी होतं. आता ऊन वर आलं होतं, आणि तो हसत नव्हता. टोपी मात्र होती. मी ओरडले, "अरे, पाणी घेतोयस ना?" त्याने मान हलवली आणि हाताने मला पुढे हो म्हणून खूण केली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला इतकं एकटं लढताना मी क्वचित पाहिलंय. त्याला मदत करता येत नव्हती. मी फक्त माझं धावणं नीट पूर्ण करू शकत होते, आणि ते केलं.

शर्यत संपते जेरोनिमस मठासमोर. तिथल्या गर्दीत फोन करून शोधण्यात अर्थ नसतो. समोरच्या बागेतलं मोठं कारंजं आम्ही आधीच ठरवलं होतं. मी मेडल घालून त्याच्या कठड्यावर बसले. तो आला, शेजारी बसला, आणि बराच वेळ फक्त पाणी पीत राहिला. मग त्याने त्याचं टायमिंग सांगितलं. त्याच्या आजवरच्या सगळ्यांत चांगलं होतं ते. १८३७ पासूनचं ते प्रसिद्ध बेलेंचं दुकान जवळच आहे. रांगेत उभं राहून आम्ही गरम, वरून करपलेले कस्टर्डचे टार्ट घेतले, दालचिनी भुरभुरली आणि रस्त्यावरच संपवले.

दोन दिवसांनीही जिना उतरताना कठडा धरावा लागत होता, तरी मठ आतून पाहायला गेलो. चर्चमध्ये दाराजवळच वास्को द गामाची कबर आहे. शाळेत १४९८ आणि कालिकत पाठ केलेल्या माणसाला तिथे उभं राहून बरंच काही वाटतं. ही कोरीव दगडांची भव्य वास्तू उभी राहिली ती आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. आम्ही वसईचा किल्ला पाहिलेला, १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम ऐकत वाढलेलो. त्या इतिहासाचं दुसरं टोक या शांत, सुंदर इमारतीत होतं, आणि दोन दिवसांपूर्वी आम्ही तिच्यासमोर धावून आलो होतो. नवरा कबरीवरचं कोरीव जहाज कितीतरी वेळ बघत होता.

संध्याकाळी किल्ला चढलो, सावकाश, थांबत थांबत. वरून पूल दिसत होता. नवऱ्याने विचारलं, "पुढच्या वेळी एकदा सोबत धावायचं का, पहिल्यापासून शेवटपर्यंत?" मी नाही म्हटलं. मला तो समोरून येताना बघायचाय. मग तिथल्याच एका बाकावर बसून आम्ही पुढच्या वर्षीच्या शर्यतींचे नकाशे उघडले.