कोयना नीट बघायची तर पाण्यामागे जा: बामणोली, कोयनानगर, पोफळी

कोयनेला गेलेली बरीच मंडळी नेहरू उद्यानातून धरणाचे फोटो काढतात, ओझर्डे धबधब्याला भिजतात आणि संध्याकाळी कराडला परत. मला विचाराल तर त्यात कोयना अर्धीसुद्धा कळत नाही. धरण घाटावर, वीज कोकणात आणि मधे आख्खा सह्याद्री, त्यामुळे पाणी जसं जातं तसंच आपण जायचं, आधी जलाशय, मग भिंत, मग कुंभार्ली घाट उतरून खाली. आम्ही दिवाळीनंतर असंच केलं, धरण भरलेलं होतं आणि घाटरस्ते कोरडे, हा सीझन बेस्ट.

सुरुवात साताऱ्याहून, कास पठारावरून बामणोली. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, इथे बघायचा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना डोंगररांगांना धरून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळते, त्यामुळे धरणामागचं पाणी पसरट न होता लांबच लांब दरीत शिरलंय, जवळपास ५० किलोमीटर, तापोळ्याच्याही वरपर्यंत. बामणोलीहून वासोटा किल्ल्याला बोट जाते, दीडेक तास. बोट पूर्ण ठरवावी लागते, माणशी सीट नसते, म्हणून ग्रुप असेल तरच परवडतं, दोघंतिघं असाल तर धक्क्यावर थांबून दुसऱ्या ग्रुपला विचारा, लोक घेतात. सकाळी लवकरातली लवकर बोट पकडा, कारण पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद, फी, प्लॅस्टिकची मोजदाद असं सगळं होतं आणि अंधाराच्या आत जंगलाबाहेर यावंच लागतं. हा भाग कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. गडावर मुक्काम चालत नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. चढ दाट झाडीतला, सावली भरपूर, पण वर दुकान वगैरे काही नाही, पाणी आणि डबा सोबत न्या. आयडी प्रूफ खिशात ठेवा, रोख पैसे पण, रेंज जाते.

परतीच्या बोटीत नावाडी मामांशी बोलत होतो, एका ठिकाणी त्यांनी हात करून दाखवलं, "आमचं जुनं गाव हितं खाली हाय." त्यांच्या आज्याला उठवलं तेव्हा वडील लहान होते, निम्मे नातेवाईक लांब दुसऱ्या जिल्ह्यात गेले, हे डोंगरात वर सरकून राहिले. मी पुढे काही विचारलं नाही. पण एवढं मनापासून सांगतो, या पाण्याखाली गावंच्या गावं गेलीत, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न नातवंडांच्या पिढीपर्यंत आले, कोयनानगरला धरणग्रस्तांची आंदोलनं अगदी अलीकडेही झालीत. महाराष्ट्राला वीज मिळाली ती यांच्या जमिनीवर. तिथे फिरताना बोटीत स्पीकर लावून नाचू नका, प्लीज.

मग कोयनानगर. कराडहून पाटणमार्गे साठेक किलोमीटर, आणि साताऱ्याकडून येणाऱ्यांनी उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठवरून पाटण गाठावं, कराडपर्यंत जायची गरज नाही. भिंत १०३ मीटर उंच, ८०० मीटरपेक्षा थोडी जास्त लांब, साठवण १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). पावसाळ्यात बातम्यांत "सहा वक्र दरवाजे उघडले" वाचतो ते दरवाजे नेहरू उद्यानातून समोर दिसतात. दरवाजे बंद असले तरी नदीत पाणी असतंच, पायथ्याच्या ४० मेगावॅटच्या वीजगृहातून येणारं, दोन्ही युनिट चालू असली की २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. प्रत्यक्ष भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, फोटोलाही मनाई, गार्डशी हुज्जत घालून उपयोग नाही. ड्रोन तर नेऊच नका.

इथे उभं राहिलं की १९६७ आठवतंच, जन्म नंतरचा असला तरी घरात ऐकलेलं असतं. ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप, साखरझोपेत माणसं गेली, १८० च्या आसपास, कोयनानगर जमीनदोस्त झालं. भिंतीला तडे गेले पण ती उभी राहिली, मग तिला मजबुती दिली. साठ्यामुळे भूकंप होतात का या विषयावर जगभर अभ्यासलेली ही जागा, त्यासाठीच कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि या भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. छोटे धक्के अजून बसतात, स्थानिक लोक घाबरत नाहीत, पण लॉजवर रात्री भांडी वाजली तर उघड्यावर या एवढं लक्षात ठेवा.

आता सगळ्यात भारी भाग, जो लोक सोडून देतात. कोयनानगरहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाट. घाटमाथ्याला थांबा आणि खाली कोकण बघा, मग प्रकल्पाचं डोकं कळतं. कृष्णेला मिळायला पूर्वेकडे निघालेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, कारण इकडे पावणेपाचशे मीटरची थेट उडी मिळते, तेवढी पूर्वेला कुठेच नाही. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह आहे, पहिला-दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट, चौथा टप्पा एकटा १०००. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात आणि परत तिसऱ्या टप्प्याला ३२०. पायथ्याचे ४० धरून एकूण १९६०. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली लेक टॅपिंग केलं, म्हणजे जलाशय रिकामा न करता खालून बोगदा खणत नेला आणि शेवटचा खडक स्फोटाने उडवला, २०१२ ला पुन्हा एकदा. आपल्या इंजिनिअर लोकांचं हे काम शाळेत का शिकवत नाहीत मला खरंच कळत नाही.

पश्चिमेला किती पाणी न्यायचं यावर मर्यादा आहे, कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेली ६७.५ टीएमसी, आणि हिशोब १ जून ते ३१ मे असा तांत्रिक वर्षाचा. उन्हाळ्यात दुष्काळ असला की वीज की शेती हा वाद दरवर्षी पेटतो, सांगली-कराडचे लोक पूर्वेला सोडा म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तिकडे खाली वापरलेलं पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं.

वीजगृह आतून बघायला आधी लेखी परवानगी लागते, कॉलेजच्या ग्रुपला मिळायचा चान्स जास्त, आयत्या वेळी गेटवर जाऊन मिळत नाही. नाही मिळाली तरी घाट, पोफळी, अलोरे, कोळकेवाडी असा रस्त्यावरून फेरा मारा.

जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत जाणार असाल तर विचार करून. नवजाला सीझनमध्ये ५००० मिलिमीटर पाऊस सहज होतो, ओझर्डे तेव्हाच जबरदस्त दिसतो हे खरं, पण २०२१ च्या जुलैत मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. रेड अलर्ट असेल तर बुकिंग सोडून द्या. जळवांसाठी मीठ ठेवा. धरणातून पाणी सोडायचा भोंगा वाजला की नदीपात्रातून ताबडतोब बाहेर.

गाडी नसेल तर कराड-चिपळूण एसटी कोयनानगरवरून जाते आणि घाटही उतरते. पेट्रोल पाटणला भरून घ्या, कुंभार्ली धुक्यात आणि रात्री टाळा, आणि चिपळूणला उतरलात की परतीची गाडी संध्याकाळी किती वाजता आहे ते स्टँडवर आधी विचारून मग जेवायला बसा.